बारा सेंटीमीटरचा गुन्हा

१

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता तलावाकाठच्या क्लबच्या शेडमधून अशी आरोळी उठली, की धक्क्यावरची बदकं पाण्यात उतरली आणि पाण्यातले दोन सभासद धक्क्यावर आले. चष्मेवाल्याने आपलं निळं शीड उलगडलं होतं. खालच्या कडेला ते चांगलं वीतभर फाटलेलं होतं. उद्या वर्षाची शर्यत आणि आज हे.

चष्मेवाला म्हणजे बाजारात चष्म्याचं दुकान असलेला, ताडमाड उंचीचा, सदा घाईतला गृहस्थ. क्लबात मात्र त्याला सगळे 'सुधारक' म्हणायचे. पाण्यावर तरंगणारी फळी, फळीवर डोलकाठी, डोलकाठीला शीड आणि ते शीड पेलायला हातात आडवा दांडा, एवढ्यावर विंडसर्फिंग करणारी जगातली बाकी माणसं समाधान मानतात. सुधारकाला ते जमत नसे. दांड्याला त्याने सायकलची ट्यूब गुंडाळली होती. दोऱ्यांवर बागेतल्या पाइपाचे तुकडे चढवले होते. शिडाला खालून ताण देणारी दोरी ओढताना हात भरून येतात म्हणून बायकोच्या हातमशीनचं चाक उचकटून त्याची चरखी बनवली होती. बायको तेव्हापासून हातानेच शिवत होती. चार वर्षांत तो प्रत्यक्ष पाण्यावर अकरा वेळा गेला होता, आणि अकराही वेळा पंधरा मिनिटांत "एक बारीकशी सुधारणा सुचली" म्हणत परत आला होता.

त्याने पहिला फोन केला तो बहिणीला.

"ताई, खून झालाय."

"कुणाचा रे?"

"शिडाचा!"

ताईंनी चहा संपवला, चपला घातल्या आणि निघाल्या. एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून काढल्यामुळे सगळं गाव त्यांना चेकरबाई म्हणायचं. पोहता येत नव्हतं, वाऱ्याचा राग यायचा, आणि भावाचं विंडसर्फिंग म्हणजे त्यांच्या मते कपडे वाळत घालायचा सगळ्यात महागडा प्रकार होता. पण माणूस खोटं बोलतोय का, हे त्यांना तो बोलायच्या आधी कळायचं.

त्या पोहोचल्या तेव्हा शेडच्या दारात क्लबचे अध्यक्ष उभे होते. जन्मभर कोर्टात कारकुनी केल्यामुळे ते साधं पाणी मागतानाही अर्ज केल्यासारखे बोलायचे.

"कुलूप शाबूत. कोयंडा शाबूत. किल्ली एकच, किल्लीकाकांच्या कमरेला. दुसरी दोन वर्षांपूर्वी तलावात पडली. म्हणजे एकतर हे कृत्य काकांचं, नाहीतर त्यांनी किल्ली बाहेर दिली. चार वाजता समितीची बैठक आहे. तोवर खुलासा झाला नाही, तर काकांनी किल्ली ठेवायची आणि मागची खोलीही रिकामी करायची."

किल्लीकाका म्हणजे शेडचे राखणदार. अकरा वर्षं ते शेडमागच्या खोलीत राहत होते. त्यांना दुसरं घर नव्हतं आणि वाट बघणारं माणूसही नव्हतं. सगळे आता त्यांच्याकडे बघत होते.

विनातिकीट माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, हे चेकरबाई नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या होत्या. किल्लीकाका खिडकीबाहेर बघत होते.

२

"सगळे बाहेर व्हा," चेकरबाई म्हणाल्या. "तू थांब. पण विचारीन तेवढंच बोल."

ही अट सुधारकाला पाळता येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी शीड जमिनीवर पसरलं. पहिली गोष्ट, शीड स्वच्छ होतं. तलावाचा गाळ नाही, शेवाळ नाही. कुणीतरी ते स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, कोपऱ्याला कोपरा लावून त्याची घडी घातली होती.

"तू कधी धुतोस का हे?"

"शीड धुवायचं नसतं ताई. वारा आपोआप..."

"पुरे. आता हे बघ." फाटलेल्या जागी निळ्या दोऱ्याने हाताचे टाके घातलेले होते. बारीक, सारखे, एकमेकांच्या पाठोपाठ शाळेत निघालेल्या मुलांसारखे. त्यांच्या शेजारीच, जिथून शीड उसवत गेलं होतं, तिथे दुसरे टाके होते. ते कुठून निघून कुठे चाललेत हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

"हे वेडेवाकडे कुणाचे?"

"माझे," सुधारक अभिमानाने म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "आणि हेच मला सहन होत नाहीये. फाडलं तर फाडलं, वर माझ्यापेक्षा चांगलं शिवून ठेवलं! हा निव्वळ अपमान आहे."

चेकरबाईंनी डोलकाठीवरचा आडवा दांडा बघितला. तो ज्याच्या त्याच्या खांद्याच्या उंचीवर बांधायचा असतो, एवढं भावाच्या व्याख्यानांतून त्यांच्याही डोक्यात शिरलं होतं. हा दांडा भावाच्या जेमतेम छातीला लागत होता.

"म्हणजे बुटकं माणूस," त्या पुटपुटल्या. "आणि हे काय?"

डोलकाठीच्या खाली एक नळी जोडलेली होती. तिला ओळीने भोकं होती आणि प्रत्येक भोकाशी आकडा. पिन ज्या भोकात असेल तेवढी काठी लांब व्हायची. पिन तीसच्या भोकात होती.

सुधारक तिथेच मटकन बसला. "तीस? अगं, तीस कशी असेल? अठरा हवी!"

"शिडावर तर चारशे तीस छापलंय. काठी चारशेची. चारशे अधिक तीस. हिशेब बरोबर आहे की."

"तो आकडा कंपनीचा! मी गेल्याच आठवड्यात शीड खालून बारा सेंटीमीटर कापून तोकडं केलंय. आता चारशे अठराच. छापलेला आकडा साफ खोटा आहे. तीसच्या भोकात पिन घालून कुणी माझ्या चरखीने ओढत बसला, तर चरखी इतकी जबरदस्त आहे ताई, की लहान पोरही ओढेल, आणि शीड..."

"टर्रकन जाईल. तुझ्याच टाक्यांतून." चेकरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मग सोपं आहे. कुणी मुद्दाम फाडलेलं नाही. कुणीतरी हे शीड चोरून पाण्यावर न्यायला निघालं होतं, आणि तू ते कापलंयस हे त्या माणसाला माहीत नव्हतं."

"अशक्य," सुधारक म्हणाला.

"का?"

"कारण मी ते सगळ्यांना सांगितलंय ताई. क्लबातल्या प्रत्येकाला. आकृतीसकट."

३

दातांचे डॉक्टर गेल्या वर्षीचे विजेते होते आणि उंचीने सुधारकाच्या कोपरापर्यंत पोहोचायचे. शिवाय टाके घालणं हा त्यांचा धंदाच. चेकरबाईंनी त्यांना धक्क्यावर एकटं गाठलं.

"डॉक्टर, टाके छान घालता म्हणे."

"हिरडीला घालतो. शिडाला नाही." डॉक्टर घाम पुसत होते. "आणि तुमच्या भावाला हरवायला मला त्याचं शीड फाडावं लागत नाही हो. तो पंधरा मिनिटांत आपणहून परत येतो."

हे खरंच होतं. "बरं, त्याने शिडाला नवीन काय केलंय माहीत आहे?"

डॉक्टरांनी डोळे मिटले. तोंडपाठ कविता म्हणताना मुलं मिटतात तसे. "खालून बारा सेंटीमीटर कापलंय. छापलेला आकडा बघायचा नाही. पिन अठरात. मंगळवारी माझ्या खुर्चीत बसून सांगितलं त्याने. मी त्याची दाढ काढत होतो. तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर, तरी सांगत होता. शेवटी मी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं. गरज नव्हती, पण दिलं."

चेकरबाईंनी मनातल्या मनात डॉक्टरांचं तिकीट पंच केलं.

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई सावलीत बसून दोरी गुंडाळत होत्या. त्या उंच होत्या, म्हणजे दांड्याच्या हिशेबात बसत नव्हत्या. पण सुधारकाशी त्यांचं उघड भांडण होतं.

"भांडेन नाही तर काय? सगळ्यांना सामान ठेवायला एकेक खण आणि याला दोन! एका खणात शीड, दुसऱ्यात नुसते पाइपाचे तुकडे, डबे, खिळे, मोडक्या छत्र्या. मी तीनदा तक्रार केली. अध्यक्ष म्हणतात, नियमात बसतं. कुठल्या नियमात, देव जाणे."

"शीड कापल्याचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक? माझ्या सातवीच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे! बुधवारी हा गृहस्थ चष्मा द्यायच्या निमित्ताने शाळेत आला, मला विषुववृत्त पुसायला लावलं आणि फळ्यावर शीड काढलं. चाचणीत दोन मुलांनी पृथ्वीचा परीघ चारशे अठरा लिहिलाय."

दुपारपर्यंत चेकरबाईंनी एकूण एक सभासद गाठला. सगळ्यांना पाठ होतं. धक्क्याशेजारच्या दुकानदाराला पाठ होतं. पोस्टमनला तर आकृतीही काढता येत होती. ज्याला माहीत नाही असं माणूसच गावात शिल्लक नव्हतं.

आता एकच माणूस विचारायचा राहिला होता, आणि तो सकाळपासून ट्रंक भरत होता.

४

शेडमागच्या खोलीत एक खाट होती, एक टेबल, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या दोऱ्या. किल्लीकाका स्वेटरची घडी घालत होते. चेकरबाई न विचारता खाटेवर बसल्या. एवढ्यात सामान आवरायला घेतलेलं पाहून त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्या चिडायच्या.

"चार वाजायला अवकाश आहे. घाई कसली?"

"नंतर गडबड नको."

"काका, तुम्ही फाडलेलं नाही. तुम्हाला बारा सेंटीमीटर माहीत आहेत ना?"

"मला?" काका पहिल्यांदा हसले. "ते शीड कापताना दुसरं टोक मीच धरलं होतं."

"मग किल्ली कुणाला दिलीत?"

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"म्हणजे दिलीत."

"बाई, मी शब्द दिलाय. त्या माणसाने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली, की नीट जमेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. आठ महिने झाले. मंगळवार आणि शुक्रवार, उजाडता उजाडता. पाऊस असला तरी. मी इथे अकरा वर्षं आहे, इतकं मन लावून शिकणारं माणूस मी पाहिलं नाही. आता खोली जाते म्हणून मी तोंड उघडू?"

"खोली गेली तर जाल कुठे?"

"बघू," काका म्हणाले. त्या 'बघू'त बघण्यासारखं काहीच नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. "चूक माझीच. एरवी क्लबचं जुनं शीड देतो. क्लबची सगळी शिडं शर्यतीसाठी मोजायला गेली होती, म्हणून शुक्रवारी हे निळं काढलं गेलं. मला सांगायला हवं होतं, की आकडा बदललाय. पण मला वाटलं, बाकी कुणाला नसलं तरी यांना माहीत असणारच."

बोलून झाल्यावर काकांनी जीभ चावली आणि उरलेला स्वेटर तसाच ट्रंकेत कोंबला.

चेकरबाई खोलीबाहेरच्या पायऱ्या हळूहळू उतरल्या. बाकी कुणाला नसलं तरी यांना माहीत असणारच. म्हणजे सुधारकाचं बोलणं गावात सगळ्यात जास्त ज्याच्या कानावर पडतं असं माणूस. त्या मध्येच थांबल्या. असं माणूस एकच होतं, आणि त्यांना आज दुपारी तिच्याच घरी जेवायचं होतं.

५

भावजय चणीने लहानखुरी, स्वभावाने शांत. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. गल्लीतल्या मांजरीचं पिल्लू आजारी पडलं तरी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिने ताटं मांडली आणि सुधारक बोलू लागला.

तो कुलपाबद्दल बोलला, पिनेबद्दल बोलला, हल्लीच्या दोऱ्यांच्या दर्जाबद्दल बोलला. दर चौथ्या वाक्याला भावजय "हो का?" म्हणत होती. चेकरबाई जेवता जेवता मोजत होत्या. तिचं चुकत नव्हतं.

"अहो," भावजय मध्येच म्हणाली, "ते शीड माझ्याच हातून..."

"मध्ये बोलू नकोस, मुद्द्यावर येतोय. तर चार वाजता त्या किल्लीकाकाचा निकाल. किल्ली काढून घेणार, खोलीतून बाहेर काढणार. अकरा वर्षं राहिला, आता रस्त्यावर!"

"छान झालं," भावजय म्हणाली. "अजून वाढू?"

चेकरबाईंचा घास हातातच राहिला. हीच ती बाई, जिने मांजरीसाठी उपास काढला होता.

सुधारक हात धुवायला गेला आणि नळाला कुठली सुधारणा करता येईल ते बघत तिथेच रमला. चेकरबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"काय गं, याने गेल्या आठवड्यात शिडाचं काय केलं?"

"काहीतरी चांगलंच केलं असेल, वन्सं."

"बारा सेंटीमीटर कापलंन."

भावजयीचा वाढायचा चमचा भांड्यात पडला. ती म्हणाली, "तरीच. मी विचार करत होते, माझं चुकलं कुठे. फळीबरोबर आलेलं माहितीपुस्तक यांनी कधी उघडलंच नाही, मी तीनदा वाचलं. त्यात लिहिलंय, शिडावर छापलेला आकडा घ्या. मी तोच घेतला. शीड खाली टेकेपर्यंत चरखी फिरवली आणि फाटलं. माझ्याच मशीनचं चाक ते, फिरवायची सवय आहे हाताला."

"याने तुला सांगितलं होतं ना, कापल्याचं?"

"सांगितलं असेल." ती खजील होऊन हसली. "वन्सं, बत्तीस वर्षं. पहिली दोन मी सगळं ऐकलं. मग मला स्वयंपाक येईना, हिशेब चुकायला लागले, भिंतीला धडकले एकदा. तेव्हापासून कान आपोआप मिटतात. कधी मिटतात ते मलाही कळत नाही."

"मग फाटल्यावर गप्प का बसलीस?"

"गप्प कुठे बसले?" भावजय आता खरोखर चिडली. "शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं. रात्री दात घासताना सांगितलं. सकाळी हे बूट घालत होते तेव्हा सांगितलं. आत्ता तुमच्यादेखत चौथ्यांदा सांगत होते! दर वेळी हे म्हणतात, मध्ये बोलू नकोस."

चेकरबाईंना हसावं की डोकं धरून बसावं कळेना. चोराने फिर्यादीजवळ तीनदा कबुली दिली होती, आणि फिर्यादी चोराच्या शोधात गावभर फिरत होता.

"आणि किल्लीकाकांचं? ते तरी ऐकलंस का?"

"काकांचं काय?"

चेकरबाईंनी सांगितलं. भावजयीने हातही न धुता चपला शोधायला सुरुवात केली. "चला. आत्ता जाऊन सांगते, मी नेलं म्हणून."

"थांब." चेकरबाईंनी तिचा हात धरला. "अध्यक्षांचा नियम आहे, सभासदाखेरीज कुणाला किल्ली द्यायची नाही. तू जाऊन सांगितलंस, तर काकांनी बाहेरच्या माणसाला किल्ली दिली हे सिद्ध होईल. आत्तापर्यंत नुसता संशय आहे गं. तू खरं बोललीस की त्यांची खोली गेलीच."

घड्याळात सव्वातीन झाले होते. नळाजवळून सुधारक ओरडून म्हणाला, "ताई, इथे एक बारीकशी सुधारणा करता येईल!"

चेकरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग भावजयीकडे बघितलं. आणि त्यांना भूगोलाच्या बाईंची तक्रार आठवली. सगळ्यांना एक खण आणि याला दोन. अध्यक्ष म्हणतात, नियमात बसतं.

"चल," त्या म्हणाल्या. "पण बोलायचं मी. तू फक्त विचारलं तर उत्तर द्यायचं."

६

बैठकीला सगळा क्लब लोटला होता. किल्लीकाका ट्रंक घेऊनच आले होते. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"खुलासा आहे काय?"

"आहे," चेकरबाई म्हणाल्या. "शीड घेऊन जाणारं माणूस बुटकं, दांड्याच्या उंचीवरून. टापटिपीचं, घडीवरून. शिवणकाम येणारं, पण सध्या मशीन नसलेलं, टाक्यांवरून. फळीबरोबरचं पुस्तक वाचून शिकलेलं, कारण जे माझ्या भावाचं ऐकून शिकलेत ते सगळे पिन अठरात घालतात. आणि शेवटचं म्हणजे, माझ्या भावाचं बोलणं ज्याच्या कानात शिरतच नाही असं. असं माणूस गावात एकच आहे. ते त्याच्याशी लग्न करून बसलंय."

दातांचे डॉक्टर खोकले, पण तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं.

"हिने?" सुधारक उभा राहिला. "तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तीनदा सांगितलं," भावजय म्हणाली. "दुपारचं धरून चारदा."

सुधारकाने तोंड उघडलं. उघडंच राहिलं. दाढ काढतानाही डॉक्टरांना इतकं उघडं मिळालं नव्हतं.

अध्यक्षांनी मात्र नेमकं तेच धरलं ज्याची चेकरबाईंना भीती होती. "म्हणजे काकांनी बाहेरच्या व्यक्तीस किल्ली दिली. नियम सात. मला वाईट वाटतं, परंतु..."

"सभासदांची वही काढा," चेकरबाई म्हणाल्या.

"कशासाठी?"

"माझ्या भावाला दोन खण कुठल्या नियमाने दिलेत, तेवढं वाचा."

अध्यक्षांनी वही काढली, चष्मा लावला, बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं आणि तिथून हलेना.

"कुटुंब सभासदत्व," ते सावकाश वाचू लागले. "पती आणि पत्नी. प्रत्येकी एक खण. दोघांनाही सर्व हक्क. दिनांक... चार वर्षांपूर्वीचा."

"दुसऱ्या खणासाठी याने अर्जावर बायकोचं नाव घातलं आणि विसरून गेला," चेकरबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी तिकिटं तपासलीत अध्यक्षसाहेब. ही बाई विनातिकीट नव्हती. पास रीतसर काढलेला होता, फक्त पासवालीला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी किल्ली सभासदाला दिली. आता सांगा, कुठला नियम मोडला?"

अध्यक्षांनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. शेवटी त्यांनी ती मिटली आणि जन्मात पहिल्यांदा अर्ज न करता बोलले. "काका, ती ट्रंक आत नेऊन ठेवा बघू."

काका उठले, पण त्यांना ट्रंक उचलता येईना. भावजयीने एक कडी धरली, भूगोलाच्या बाईंनी दुसरी. खोलीच्या दारात काकांनी भावजयीपुढे हात जोडले. ती म्हणाली, "अहो काका, हात मी जोडायचे," आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"फिर्यादीला आणखी काही विचारायचं आहे?" अध्यक्षांनी सवयीने विचारलं.

सुधारक अजून उभाच होता. त्याच्याकडे शिडाबद्दल सांगण्यासारखं काहीतरी नक्की असणार, अशा अंदाजाने लोक खुर्च्यांवरून उठून पळायच्या तयारीत होते. तो दाराशी गेला आणि बायकोला म्हणाला, "किती लांब जातेस?"

"लाल पिंपाला वळसा घालून परत."

शर्यतीच्या वळणाची खूण म्हणून तरंगणारं लाल पिंप तलावाच्या पार पलीकडे होतं. सुधारकाने ते आजवर धक्क्यावरूनच पाहिलं होतं.

संध्याकाळी चेकरबाई घरी निघाल्या तेव्हा ती दोघं धक्क्याच्या टोकाला बसली होती. मधे निळं शीड पसरलेलं. भावजय टाके घट्ट करत होती आणि बोलत होती: पहिल्या दिवशी कितीदा पडले, पाणी कसं थंडगार होतं, शीड हातात पहिल्यांदा भरलं तेव्हा ओरडावंसं वाटलं पण कुणी ऐकेल म्हणून ओरडले नाही. चेकरबाई थांबून बघत राहिल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भावाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. भावजयीला असं बोलायची सवय नव्हती. बोलता बोलता ती अडखळली, दोरा तोडला आणि गप्प झाली.

सुधारक जरासा पुढे सरकून बसला.

"मग?" त्याने विचारलं.